एकच छावणी, दोन निर्वासित समाज : उचगावच्या शिवेवरचा इतिहास

१/ कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, करवीर तालुक्यात उचगाव आहे. त्याच्या शिवेला लागून गांधीनगर, आणि पुढे पंचगंगेच्या बाजूला वळिवडे. आज हा परिसर कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखला जातो. ऐंशी वर्षांपूर्वी मात्र येथे पोलिश भाषेत शाळा भरत होत्या. त्या शाळा रिकाम्या झाल्या आणि लवकरच त्याच छपरांखाली सिंधी भाषा बोलली जाऊ लागली.

२/ एकाच जागेने दोन विस्थापित समाजांना आसरा दिला. पहिला समाज सुमारे पाच वर्षे राहून निघून गेला. दुसरा येथेच रुजला. जागा तीच, आसपासची गावे तीच, स्वागत करणारी माणसेही तीच. मग एकाला ही भूमी मुक्कामाची आणि दुसऱ्याला कायमची का ठरली? परक्या भूमीचे घर नेमके कशाने होते, हे समजून घेण्यासाठी वळिवड्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. त्याविषयीचा हा थ्रेड.

३/ सुरुवात पोलंडपासून. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात पूर्व पोलंडमधील नागरिकांना चार लाटांमध्ये सैबेरिया, अर्खांगेल्स्क आणि कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले. त्यांत शेतकरी होते, वनरक्षक होते, अधिकाऱ्यांची व सैनिकांची कुटुंबे होती. सोव्हिएत कागदपत्रांनुसार ही संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास भरते. निर्वासित पोलिश वर्तुळांतील जुने अंदाज याहून कितीतरी मोठे आहेत.

४/ २२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि समीकरण बदलले. ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर हद्दपार पोलिश लोकांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये दोन टप्प्यांत हे सैन्य आणि त्याच्यासोबतचे नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. सुमारे १ लाख १५ हजार माणसे बाहेर पडली. त्यांत ३७ हजारांच्या आसपास नागरिक होते. बहुतेक स्त्रिया आणि मुले.

५/ युद्धकाळात इतक्या लोकांना एकट्या इराणमध्ये ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान अशा दूरदूरच्या ठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या. हिंदुस्थानातील सर्वांत प्रसिद्ध छावणी नवानगर संस्थानातील बालाचडीची. १९४२ मध्ये जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांसाठी ती उभारली. संख्येने मात्र सर्वांत मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे होती.

६/ वळिवड्याची छावणी १९४३ मध्ये सुरू झाली आणि तेथील लोकसंख्या पुढे पाच हजारांच्या घरात गेली. जागेच्या जमेच्या बाजू उघड होत्या. १८९१ पासून चालू असलेला कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग जवळून जात होता, पंचगंगा हाकेच्या अंतरावर होती, हवा सौम्य होती. लांबलचक बरॅकींच्या रांगा, त्यांत कुटुंबागणिक खोल्या, पुढे ओसरी. सैबेरियातून आलेल्यांना कोल्हापूरचा पाऊस नवा होता, ऊन तर त्याहून नवे.

७/ येथे एक दुरुस्ती करणे आवश्यक आहे. 'कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश लोकांना बोलावून घेतले' असे सर्रास लिहिले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. छत्रपती राजाराम महाराजांचे निधन १९४० मध्ये झाले होते. दत्तक घेतलेले शिवाजी महाराज १९४३ मध्ये अवघे दीड-दोन वर्षांचे होते. कारभार महाराणी ताराबाई यांच्या रीजन्सीकडे होता. भूमी संस्थानची, व्यवस्था हिंदुस्थान सरकारची आणि खर्चाची जबाबदारी मुख्यतः लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची, असा हा मामला होता.

८/ यामुळे कोल्हापूरचे श्रेय कमी होत नाही. छावणीसाठी भूमी देणे हा एक निर्णय. पाच हजार परकी माणसे शेजारी नांदवून घेणे हे रोजचे काम. ते वळिवडे, उचगाव, गडमुडशिंगी यांसारख्या गावांतील आणि कोल्हापूर शहरातील सामान्य माणसांनी केले. भाजीवाले, दूधवाले, शिंपी, हमाल, दुकानदार यांचा छावणीशी नित्य व्यवहार होता. त्यातूनच मुलांच्या तोंडी मोडकेतोडके मराठी शब्द रुळले.

९/ छावणीच्या आत एक छोटे पोलंडच वसवलेले होते. चर्च, रुग्णालय, नाट्यगृह, दुकाने, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा. अभ्यासक्रम पोलिश, सण पोलिश, बालवीर पथकेही पोलिश. या बालवीरांचे नेतृत्व झ्जिस्वाव पेश्कोव्स्की या अधिकाऱ्याने केले. कातीनच्या हत्याकांडापूर्वी ज्या कोझेल्स्क छावणीतून पोलिश अधिकारी नेले गेले, तिच्यातून वाचलेल्या मोजक्यांपैकी तो एक. मुंबईहून पोलिश लोकांसाठी त्यांच्या भाषेतील नियतकालिकही निघत असे.

१०/ छावणीत तरुण पुरुष फारसे नव्हते, कारण ते आघाडीवर होते. अँडर्स यांचे दुसरे पोलिश कोअर इटलीत लढत होते आणि मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनोच्या लढाईत त्याने मोठी किंमत मोजून विजय मिळवला. त्याच ब्रिटिश आठव्या सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच इटलीच्या रणभूमीवर. वळिवड्यातील पोलिश स्त्री आणि मराठी मुलखातील सैनिकाची पत्नी, दोघी एकाच आघाडीवरून येणाऱ्या पत्राची वाट पाहत होत्या.

११/ मग एवढी जवळीक असूनही पोलिश लोक येथे का राहिले नाहीत? पहिले उत्तर छावणीच्या रचनेतच आहे. ती वसवली होती परत जाण्यासाठी. शाळेत पोलंडचा इतिहास आणि भूगोल शिकवला जाई तो मुलांना परतल्यावर उपरेपणा वाटू नये म्हणून. सरकारच्या दृष्टीनेही हा युद्धकाळापुरता आसरा होता. आलेल्यांना येथील जमीन, धंदा किंवा नागरिकत्व देण्याचा विचार योजनेतच नव्हता.

१२/ पण परतण्याची वाट हळूहळू बुजत होती. कातीनची सामूहिक दफने उघडकीस आल्यावर एप्रिल १९४३ मध्ये सोव्हिएत संघाने पोलिश सरकारशी संबंध तोडले. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवण्यास दोस्तांनी मान्यता दिली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातील नव्या सरकारला दिली. वळिवड्यातील अनेकांची गावे आता पोलंडच्या नकाशावरच उरली नाहीत.

१३/ छावणीतील प्रत्येक कुटुंबापुढे आता एक कठीण निवड होती. नव्या पोलंडमध्ये जायचे, तर तेथे कम्युनिस्ट राजवट होती आणि स्वतःचे घर सोव्हिएत सीमेपलीकडे गेलेले. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा करून सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना वसण्याची संधी दिली. ज्यांचे पती, वडील, भाऊ सैन्यात होते त्यांची पावले तिकडे वळली. काही जण पोलंडला परतले. काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांमार्गे ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पोहोचले.

१४/ म्हणजे या लोकांनीही नवा देश निवडलाच. फक्त तो हिंदुस्थान नव्हता. निवड करताना प्रत्येकाने आपले माणूस कोठे आहे, पोट कोठे भरेल आणि कायद्याने कोठे राहता येईल, हे पाहिले. येथील माणसांच्या चांगुलपणाबद्दल त्यांना शंका नव्हती. पुढे ब्रिटनमध्ये त्यांनी 'भारतातील पोलिश' लोकांची संघटना स्थापून आठवणी ग्रंथरूपाने जपल्या. माया होती, पण मायेवर संसार उभा राहत नाही.

१५/ याला अपवादही आहेत. छावणीतील काही मोजक्या तरुणींनी स्थानिक तरुणांशी विवाह केले आणि त्या येथेच राहिल्या. मुंबईतील पोलिश वाणिज्य दूतावासाचे प्रमुख बनाशिन्स्की यांच्या पत्नी किरा यांनी निर्वासितांसाठी अथक काम केले होते. युद्धानंतर त्या भारतातच राहिल्या, हैदराबादला स्थायिक झाल्या आणि शंभरी ओलांडून २००२ मध्ये निवर्तल्या. वांदा दिनोव्स्का ऊर्फ उमादेवी यांनीही भारत आपला मानला आणि उत्तरायुष्यात तिबेटी निर्वासितांची सेवा केली.

१६/ मॉरिस फ्रीडमन यांचे उदाहरण तर मराठी वाचकाला जवळचे. हे पोलिश ज्यू अभियंते युद्धापूर्वीच भारतात आले होते. औंध संस्थानच्या १९३९ मधील स्वराज्याच्या प्रयोगात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्यांनी इंग्रजीत आणली. किरा, वांदा आणि फ्रीडमन या तिघांत एक साम्य आहे: त्यांच्याकडे येथे करण्यासारखे काम होते आणि निवड करण्याची मोकळीक होती. छावणीतील विधवेला आणि अनाथ मुलाला ती नव्हती.

१७/ १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली तेव्हा तेथील उरलेली मुलेही वळिवड्याला आली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकला तेव्हा पोलिश लोक येथेच होते. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. मागे राहिल्या त्या कोल्हापुरातील ख्रिस्ती दफनभूमीतल्या कबरी. ज्यांना पुढचा देश निवडता आला नाही, ते या मातीचेच झाले.

१८/ आता दुसरा समाज. फाळणीत पंजाब आणि बंगाल विभागले गेले. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. १९४१ च्या जनगणनेत सिंधमधील हिंदूंची संख्या बारा लाखांच्या आसपास होती. पंजाबी निर्वासिताला निदान पूर्व पंजाब होता, बंगाली निर्वासिताला पश्चिम बंगाल. सिंधी निर्वासिताला भारतात आपल्या भाषेचा एकही जिल्हा नव्हता. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर स्थलांतराचा वेग प्रचंड वाढला.

१९/ त्यांच्यापैकी फार मोठी संख्या मुंबई प्रांतात का आली? १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. शिक्षण, न्यायालय, व्यापार यांचे धागे मुंबईशी जोडलेले होते आणि कराची-मुंबई ही बोटीची वाट जुनी होती. मुंबई बंदरात उतरलेल्यांना सरकारने जेथे मोकळ्या बरॅकी होत्या तेथे पाठवले. कल्याणच्या लष्करी छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. पिंपरीत वसाहत झाली. आणि वळिवड्याच्या पोलिश बरॅकींत जी वसाहत झाली, तिला गांधीजींचे नाव मिळाले : गांधीनगर.

२०/ येथे भूगोलाचा एक विलक्षण योग दिसतो. इराणहून वळिवड्याला येणारे पोलिश निर्वासित वाटेत कराचीच्या तात्पुरत्या छावणीत थांबत असत. त्यांच्यासाठी कराची हा हिंदुस्थानचा दरवाजा होता. पाच वर्षांनी त्याच कराचीतून सिंधी कुटुंबे बाहेर पडली आणि अखेर त्याच बरॅकींत पोहोचली. एकाच्या आश्रयाचे शहर दुसऱ्याच्या निर्वासनाचे शहर झाले, तेही एका दशकाच्या आत.

२१/ सिंधी निर्वासिताची कायदेशीर स्थिती मात्र पोलिश निर्वासिताहून पूर्णपणे वेगळी होती. राज्यघटनेचे कलम ६ सांगते : जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील वा आजी-आजोबांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मले, असा माणूस १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे राहू लागला असेल तर तो भारताचा नागरिक. त्या तारखेनंतर आलेल्यांना किमान सहा महिने राहून नोंदणी करावी लागे. पुढे १९५४ च्या कायद्याने मागे सोडलेल्या मालमत्तेच्या भरपाईची व्यवस्था झाली. छावणीतील माणूस आता पाहुणा नव्हता. तो मतदार होता.

२२/ नागरिकत्वाने हक्क दिला, पण भाकरी दिली ती व्यापाराने. सिंधी माणूस निर्वासित झाला म्हणून व्यापारी बनला, ही समजूत अर्धवट आहे. शिकारपूरच्या पेढ्यांची हुंडी मध्य आशियात चालत असे. हैदराबाद सिंधच्या व्यापाऱ्यांची दुकाने भूमध्य समुद्रापासून जपानपर्यंत पसरली होती. अर्थात सर्वच सिंधी व्यापारी नव्हते. आमिल हा वर्ग नोकरी व कारभारात मुरलेला होता. पण कमी नफा, जलद उलाढाल, उधारी आणि आपसांतील विश्वास हे तंत्र समाजाला ठाऊक होते. फाळणीने भांडवल हिरावले, तंत्र नव्हे.

२३/ देशभरातील सिंधी निर्वासितांच्या पहिल्या पिढीने पापड, गोळ्या-बिस्किटे, कापडाचे तुकडे असे मिळेल ते विकून संसार सावरला. गांधीनगरात त्यातून कापडाचा घाऊक बाजार उभा राहिला. शेजारी इचलकरंजीचे माग, घाटाखाली कोकण, दक्षिणेला बेळगाव आणि गोवा, उशाशी रेल्वे आणि पुणे-बेंगळूरू रस्ता. लग्नसराईचा बस्ता बांधायला खेड्यापाड्यांतून माणसे येऊ लागली. ज्या बाजाराची गरज शेजाऱ्यालाही आहे, त्या बाजाराला परका कोण म्हणणार?

२४/ आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. १९४८-५० मध्ये यजमानही स्थिर नव्हता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. उचगावचा शेतकरी कालपर्यंत छत्रपतींचा प्रजाजन होता. शिकारपूरचा दुकानदार कालपर्यंत ब्रिटिश सिंधचा रहिवासी होता. २६ जानेवारी १९५० रोजी दोघेही एकाच घटनेखालील नागरिक म्हणून उभे राहिले. एकाने घर न सोडता देश बदलला, दुसऱ्याने घर सोडून. नव्या देशात मात्र दोघांनी एकाच दिवशी पाऊल ठेवले.

२५/ या रुजण्याची किंमतही मोजावी लागली. सिंधीला आपला प्रांत नसल्याने तिला राजाश्रय उशिरा मिळाला. घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश १९६७ मध्ये झाला. लिपी अरबी असावी की देवनागरी, हा वाद वर्षानुवर्षे चालला. महाराष्ट्रात सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि पुढे त्यांतील पटसंख्या ओसरत गेली. चेटीचंड आणि झुलेलालची भक्ती टिकली. आजीची म्हण नातवाला समजेनाशी झाली. पोलिश मुलांनी छावणीत भाषा राखली, कारण त्यांना जायचे होते. सिंधी मुलांची भाषा झिजली, कारण त्यांना राहायचे होते.

२६/ शब्दांचाही इतिहास असतो. 'निर्वासित' आणि 'शरणार्थी' हे शब्द सरकारी कागदांवर सोयीचे होते. बाजारात ते हिणवण्यासाठीही वापरले गेले. म्हणून फाळणीग्रस्त समाजातील अनेकांनी स्वतःसाठी 'पुरुषार्थी' हा शब्द पसंत केला. आम्ही आसरा मागणारे नव्हे, कष्टाने उभे राहणारे आहोत, असा त्यामागचा भाव. नव्या भूमीचे घर होण्याच्या प्रवासात हा टप्पा महत्त्वाचा आहे : आपल्याला काय म्हणावे हे आपण ठरवणे.

२७/ स्मृतींचा हिशेब मात्र असमान आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. २०१७ मध्ये वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक झाले, २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील स्मारकाला अभिवादन केले. हे सर्व योग्यच. परंतु त्याच बरॅकींतील दुसऱ्या समाजाची कथा सहसा 'स्वस्त कापडाचा बाजार' या तीन शब्दांत संपते. निघून गेलेल्यांचे कौतुक करणे सोपे असते. राहिलेल्यांशी रोजचा व्यवहार असतो, म्हणून त्यांचा इतिहास विचारावासा वाटत नाही.

२८/ वळिवड्याचे दोन अध्याय एकत्र वाचले की एवढे स्पष्ट होते. आश्रय देणे हे यजमानाच्या हाती असते. घर होणे त्याच्या एकट्याच्या हाती नसते. त्यासाठी परतीची वाट मिटलेली असावी लागते, कायद्याने हक्क द्यावा लागतो, हाताला काम लागते आणि शेजाऱ्याला तुमची गरज भासावी लागते. पोलिश कुटुंबांना यांतील बरेच काही ब्रिटनमध्ये मिळाले. सिंधी कुटुंबांना उचगावच्या शिवेवर.

२९/ १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीकडे झुकले आहे. बरॅकीतली पहिली रात्र, पहिली विक्री, पहिला मराठी शब्द यांच्या आठवणी कोणत्याही दफ्तरात नाहीत. त्या माणसांबरोबर संपत आहेत. तुमच्या गावात किंवा शहरात अशी वसाहत असेल, तर तेथील ज्येष्ठांशी बोला, त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करा, गाव आणि साल न चुकता लिहून ठेवा. दुकानात कापड मोजून देणारे आजोबा मूळचे कोणत्या गावचे, हा एक प्रश्नही इतिहासाच्या कामाला पुरेसा आरंभ आहे.

#कोल्हापूर #वळिवडे #गांधीनगर #उचगाव #फाळणी #मराठीथ्रेड